तुतीचे अकरा चाटू

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय मी. बेडूक कापलेत आणि रडणाऱ्या मुलांकडून कापून घेतलेत. त्यामुळे पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते. पण घडलं ते घडलं, आणि त्यातली मुख्य चूक माझी आहे. ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारता येत नाही.

आमचे हे, देवदत्त, हवाई दलात होते. शेवटची बदली लखनौजवळ बख्शी का तालाबला झाली. तिथून निवृत्त झाल्यावर सांगलीला परत जायचं सोडून आम्ही विकास नगरात घर घेतलं, कारण आमची एकुलती एक शर्वरी तोवर पक्की लखनौची झाली होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. लग्नही इथल्याच मराठी घरात झालं. जावई यशोधन विमानतळावर नोकरीला आणि घर सरोजिनी नगरला, म्हणजे सासर-माहेर एकाच शहरात, गाडीने तासाभराच्या अंतरावर.

निवृत्त पुरुष बायकोच्या स्वयंपाकघरात नाक खुपसतो. ह्यांनी ते चाटूंपासून खुपसलं. बाजारातले लाकडी चाटू तडकतात म्हणून स्वतः कोरायला लागले. वाळलेलं लाकूड दगडासारखं असतं, त्यावर सुरी चालत नाही. म्हणून झाड पडलं की लगेच, ओलं असतानाच, ओंडका मधोमध फोडायचा, कुऱ्हाडीने आकार काढायचा, सुरीने दांडा तासायचा आणि टोक वाकवलेल्या सुरीने वाटी कोरायची. पण खरी परीक्षा पुढे असते. ओला चाटू उघडा ठेवला तर लखनौच्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत चिरफळतो. त्याला त्याच्याच ढलप्यांमध्ये पुरून ठेवायचं आणि रोज काट्यावर त्याचं वजन करायचं. पाणी उडेल तसं वजन उतरत जातं. सलग तीन दिवस आकडा तोच राहिला की चाटू वाळला. हे रोजचा आकडा दांड्यावर पेन्सिलीने लिहितात. मला पीठ मोजायचं असलं की काट्यावर कुणीतरी चाटू आडवा झालेला असतोच.

मार्चमध्ये शर्वरीला सहावा लागला. मागच्या वर्षी तिचं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे या खेपेला आम्ही सगळेच जपून श्वास घेत होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा सातव्यात ती आमच्याकडे येणार होती. डोहाळजेवणाला अकरा बायका बोलवायच्या आणि प्रत्येकीला हातचा चाटू द्यायचा असं ह्यांनी ठरवलं. त्याच सुमारास तालाबच्या पलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरची जुनी तुती उतरवायची निघाली. तुतीचं लाकूड चाटूला फार चांगलं. आम्ही दोघं गाडी घेऊन पोचलो.

झाड उतरवणार होता सजीवन मिस्त्री. सत्तरीचा माणूस, हातांच्या शिरा दोरासारख्या. कुऱ्हाड खांद्यावर होती, पण ती खाली टेकवून तो उभाच राहिला.

"बहिनजी, हरा पेड़ है. पूछे बिना हम हाथ नहीं लगाएँगे."

"किससे पूछें?" मी म्हटलं.

"जो रहता हो. आज शाम को एक लोटा पानी डालिए, कहिए कि कहीं और चले जाइए. फिर खाली हाथ लौट आइए. यहाँ का एक तिनका भी साथ न जाए. कल सबेरे काट देंगे."

हे हसले आणि गाडीत जाऊन बसले. मी खोडाकडे पाहिलं. बुंध्याच्या ढोलीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते, हिरवे, मातीत अर्धे रुतलेले. म्हणजे जे कुणी राहत होतं ते बाईमाणूस होतं. आता माझा स्वभाव सांगते. मी मानत नाही, पण करायचंच असलं तर नीट करते. बाईमाणसाला घरातून उठवायचं आणि नुसत्या तांब्याभर पाण्यावर वाटेला लावायचं, हे मला पटेना. आम्ही सांगलीची माणसं, आम्हाला एवढं कोरडं वागता येत नाही. जवळच्या दुकानातून नारळ, खण, तांदूळ आणि हळदकुंकू आणलं आणि संध्याकाळी त्या झाडाची ओटी भरली. मी म्हटलं, "बाई गं, आम्हाला लाकूड हवंय. तू आता दुसरीकडे जा."

आणि मग हाताला सवय म्हणून ओटीतले चिमूटभर तांदूळ परत उचलले. माहेरवाशिणीची ओटी भरली की आम्ही तसे उचलतो आणि घरच्या डब्यात टाकतो. लेक परत यावी, घरात धान्य राहावं म्हणून. आईला करताना पाहिलं, शर्वरीच्या वेळी दर खेपेला मी केलं. त्या दिवशी पदराच्या टोकाला दाणे बांधले, घरी आले आणि तांदळाच्या डब्यात सोडले. काय केलं ते तेव्हा लक्षातही आलं नाही.

सकाळी झाड पडलं. आतून लाकूड हळदीसारखं पिवळंधमक निघालं. तुती अशीच असते, ताजी असताना पिवळी, मग उन्हापावसाने तपकिरी होते. ह्यांनी पाच दिवसांत अकरा चाटू कोरले, ढलप्यांसकट वेताच्या टोपलीत घातले आणि टोपली मागच्या खोलीत पलंगाखाली सरकवली. घरातली सगळ्यात थंड खोली ती. शर्वरीची.

आठवड्याने शर्वरी आली. "कमरे में क्या महक है, आई? अच्छी है," म्हणाली आणि आडवी झाली.

एप्रिल संपला आणि लूचे गरम वारे सुटले. दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात पापडासारखे होत. पण चाटू वाळेनात. पहिल्या चाटूच्या दांड्यावर ग्रॅमचे आकडे असे होते : चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट. ह्यांनी काट्याचे सेल बदलले. मग कडुनिंबाच्या ओल्या फांदीचा एक चाटू मुद्दाम कोरून त्याच टोपलीत ठेवला. तो दहा दिवसांत निम्म्यावर आला. तुतीचे अकराच्या अकरा जिथल्या तिथे, ओलसर, आणि रंगाने तसेच पिवळे. ह्यांचा माणसांवर नसेल एवढा विश्वास काट्यावर आहे, त्यामुळे ते चिडचिडे झाले. डोहाळजेवणाला बायकांना शेवटी स्टीलच्या वाट्या दिल्या.

दुसरी गोष्ट माझ्या स्वयंपाकघरातली. आमच्यात माणशी एक वाटी तांदूळ लागतो. एके दिवशी कुकर लावताना माझं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं, तर मी चौथी वाटी भरत होते. घरात माणसं तीन. आठवून पाहिलं तर कित्येक दिवस मी चार वाट्याच लावत होते आणि उरत काहीच नव्हतं. तांदळाच्या डब्यात डोकावले. महिनाभर रोज चार वाट्या उपसूनही तांदूळ गळ्याशी होता.

मी झाकण लावून टाकलं. ह्यांना सांगितलं नाही. काय सांगणार होते?

शर्वरीला उकाड्याने बाहेर येववत नसे. दुपारचं ताट मी तिच्या खोलीत नेऊन देत असे आणि ती दार लोटून जेवायची. "थोड़ा और दे दो ना," असं म्हणून दर वेळी जास्तीचं वाढून घ्यायची. ताट चाटूनपुसून स्वच्छ परत येई. मला बरं वाटायचं, पोरगी खातेय. एकदा दाराबाहेर उभी होते तर आतून तिचा बोलण्याचा आवाज आला. हळू, लाडात, मधेच हसू. यशोधनशी फोनवर बोलत असणार, म्हणून मी मागे फिरले. बैठकीत आले तर तिचा फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला होता. मी तिथेच सोफ्यावर बसले.

मेच्या मध्याला तपासणी होती. डॉक्टरबाईंनी शर्वरीला दोनदा वजनाच्या काट्यावर उभं केलं. वजन वाढायचं सोडून किलोभर उतरलं होतं. बाळाची वाढही थबकली होती. "खाती नहीं हो क्या?" त्यांनी विचारलं. शर्वरी खाली बघत राहिली. मी म्हटलं, "डॉक्टर, दुहेरी जेवते हो ती." डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग जातंय कुठे?" अर्थात हे त्या हिंदीत म्हणाल्या, पण मला तो प्रश्न मराठीतच ऐकू आला. दोन आठवड्यांत सुधारलं नाही तर ॲडमिट करावं लागेल आणि बाळाची खात्री देता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

घरी आल्यावर ह्यांनी सवयीने टोपली ओढली आणि पहिला चाटू काट्यावर ठेवला. शहात्तर. तोडलेलं लाकूड वजनाने वाढत नाही. हे मला शिकवावं लागत नाही, मी ते शिकवत होते. ह्यांनी एकेक करत सगळे अकरा मोजले. सगळे वाढले होते.

"सुचित्रा," हे म्हणाले, "हे काय आहे?"

मी त्यातला एक चाटू टॉवेलात गुंडाळला, रिक्षा केली आणि एकटीच तालाबला गेले.

सजीवन मिस्त्री त्याच्या ओसरीवर बाजेचा दांडा तासत होता. मी चाटू पुढे केला. तो हात मागे घेऊन बसला, शिवला नाही. लाकूड पडून महिना उलटला, तरी चाटूच्या वाटीत ओल चमकत होती.

"उस शाम आपने क्या किया था?"

मी ओटीचं सांगितलं. नारळ, खण, तांदूळ. तो मान हलवत राहिला, गैर काही वाटलं नाही त्याला. मग त्याने विचारलं, "लौटते में कुछ उठाया था?"

त्या क्षणी मला पदराची गाठ आठवली.

"थोड़े चावल," मी म्हटलं. "हमारे यहाँ उठाते हैं. बेटी के लिए."

मिस्त्रीने हातातलं हत्यार खाली ठेवलं. मग त्याने जे सांगितलं ते एवढंच. त्याच्या लहानपणी कालव्यापलीकडच्या गावात एक सून होती. दिवस भरत आलेले, आणि सासरी खायला घालत नसत. माहेरचं कुणीतरी न्यायला येईल म्हणून वाट बघत राहिली. कुणी आलं नाही. शेवटी ज्येष्ठाच्या उन्हात ती एकटीच पायी निघाली. त्या तुतीखाली बसली, ती तिथून पुढे गेलीच नाही.

"हम लोग उससे बस इतना कहते हैं कि चली जाओ," मिस्त्री म्हणाला. "आप तो उसे मायके लिवा लाईं, बहिनजी."

"आता काढू कशी तिला?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. त्याला समजलं.

"बेटी कैसे बिदा होती है, वो आप जानिए. हमने तो उसे कभी बेटी नहीं कहा."

परतीच्या वाटेवर मी विचार करत होते. पाठवायची म्हणजे पुन्हा ओटी भरायची आणि या वेळी दाणे उचलायचे नाहीत. एवढं सोपं होतं. पण ती बाळंतपणाला आलेली. बाळंतपणाला आलेल्या लेकीला भरल्या दिवसांची घरातून कोण काढतं? एकदा ती तशीच घराबाहेर पडलेली होती. आणि मी हट्टाने काढली असती तर ती गेली असती की चिडून शर्वरीवर उलटली असती, हे मला कोण सांगणार होतं? घर एक आणि गरोदर लेकी दोन. एकीचं दुसरीला जात होतं. जिला जायला दुसरं घर आहे तिला पाठवायला हवं होतं. विकास नगर येईपर्यंत माझं ठरलं होतं, शर्वरीला सरोजिनी नगरला पाठवायचं.

संध्याकाळी मी शर्वरीची बॅग भरली.

"मुझे भेज रही हो?" ती दारात उभी होती. डोळे मोठे झालेले. "आठवें महीने में?"

"तिकडे एसी आहे. तुझ्या सासूबाई करतील सगळं."

"आई, लोग क्या कहेंगे? मैंने क्या किया?"

खरं कळलं तर भीतीने पोटातलं जायचं, असं वाटत होतं मला. मी म्हटलं, "मला होत नाही आता. थकले मी." इतकं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. हे माझ्याकडे असे बघत होते की जणू मी घरात शिरलेली परकी बाई आहे. "तुला काही मन आहे की नाही?" एवढंच म्हणाले आणि किल्ली घेऊन बाहेर गेले. शर्वरी पायरी उतरताना एकदा मागे वळून तिच्या खोलीच्या खिडकीकडे बघत राहिली. माझ्याकडे नाही. गाडी निघून गेल्यावर मला आठवलं, तिची ओटी भरायची राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारचं ताट मागच्या खोलीत नेऊन ठेवू लागले. पहिले तीन दिवस अन्नाला कुणी शिवलं नाही. चौथ्या दिवशी मला राग आला. एकीला माझ्या हाताने बाहेर काढलं ते काय हिने रुसावं म्हणून? मी टोपलीतला एक ओला चाटू घेतला, त्याने डिंक-खोबऱ्याची खीर ढवळली, वाटी ताटात ठेवली आणि रिकाम्या पलंगाकडे बघून म्हटलं, "जेव बाई. माझ्यावर रागावलीस तरी अन्नावर रागावू नकोस." आणि दार लोटलं.

तासाभराने आत गेले. ताट रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हतं, धुतलेलं होतं, आणि वाटीसकट भिंतीशी पालथं घातलेलं होतं. सासुरवाशीण घालते तसं.

मी पळाले नाही. मग रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

त्या आठवड्यात विहीणबाई विजयाताईंचा फोन आला. आवाजात साखर आणि सुई दोन्ही होत्या. "अहो सुचित्राताई, काळजी करू नका, शर्वरीचं वजन वाढलंय. इथलं मानवलं तिला." मी फोन ठेवून देवाला नाही, त्या खोलीच्या दाराला हात जोडले. शर्वरी स्वतः फोनवर आली नाही. मी केला तर उचलायची, "हाँ, ठीक हूँ" म्हणायची आणि ठेवायची. मी रोज दुपारी दुसरीला वाढत होते आणि माझ्या पोटच्या पोरीच्या हातचं पाणी मला मिळत नव्हतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी खोलीत गेले तर पलंगाखालची टोपली खोलीच्या मधोमध होती. तुतीचा तो गोड-कडवट वास गेला होता. ढलप्या कोरड्या, कुरकुरीत. चाटू तपकिरी झाले होते, सगळे अकरा, एका दिवसात. मी ह्यांना हाक मारली. त्यांनी काटा आणला. पहिला चाटू एकोणचाळीस. खडखडीत वाळलेला.

मग ह्यांनी ढलप्यांत हात घातला आणि बारावा चाटू बाहेर काढला.

करंगळीएवढा होता. वाटी एवढीशी, बाळाला मध चाटवावा एवढीच. पिवळाधमक आणि ओला. ह्यांनी चष्मा लावून तो उजेडात फिरवून पाहिला.

"मी केलेला नाही," ते म्हणाले. "ह्याच्यावर सुरीचा वार नाही, सुचित्रा. कुठेच नाही."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, ओटीपासून. ते ऐकून घेत राहिले. शेवटी त्यांनी तो चिमुकला चाटू परत ढलप्यांत ठेवला आणि त्यावर हातरुमाल घातला. वारा लागू नये म्हणून.

बारा दिवस मी बाळंतिणीचं सगळं केलं. मेथीची खीर, बाजरीची भाकरी, ओवा, शेपा. ताट रोज धुऊन पालथं घातलेलं मिळे. बाराव्या दिवशी आम्ही टोपली गाडीत घातली आणि तालाबला गेलो. शर्वरीचे दिवस भरत आले होते. तिने घरी यायचं म्हटलं तर घर मोकळं हवं होतं. बांधावर तुतीचा बुंधा उरला होता. त्यावर टोपली ठेवली, हळदकुंकू लावलं, नारळ, खण आणि पाच ओंजळी तांदूळ घातले. "सुखाने जा," मी म्हटलं. "बाळाला जप."

आणि माझा हात ओटीकडे गेला. खरंच गेला. सत्तर दिवस खाऊ घातलेल्या पोरीला कायमची पाठवायची, परत ये असं म्हणायचंसुद्धा नाही, हे हाताला कळेना. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तशीच गाडीपर्यंत चालत गेले. मागे बघितलं नाही. मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणे, रिकाम्या हाताने.

घरी आल्यावर तांदळाचा डबा उघडला. तळ दिसत होता.

दोन दिवसांनी शर्वरीला मुलगी झाली. तीन किलो, ठणठणीत. दवाखान्यात गेले तर शर्वरीने बाळ माझ्या मांडीवर दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. "घरी कधी येतेस?" मी विचारलं. "देखते हैं," ती म्हणाली.

बारसं सरोजिनी नगरला झालं. नाव मैत्रेयी ठेवलं. पाहुणे जेवायला बसले तेव्हा मी शर्वरीच्या खोलीत गेले आणि राहून गेलेली ओटी भरायला बसले. पाच ओंजळी घातल्या. भीत भीतच मी हात पुढे केला, तर तिने आपल्या ओटीतले दाणे स्वतःच चिमटीत उचलून माझ्या तळहातावर ठेवले.

"पिछली बार भूल गई थीं आप."

माझे डोळे भरून आले. मी मूठ मिटली आणि उठणार, तेवढ्यात तिने माझा दुसरा हात ओढला आणि त्यावर आणखी एक चिमूट ठेवली.

"हे कशाला?"

"उसके लिए," शर्वरी म्हणाली. "जो मेरे कमरे में रहती थी."

"तुला… तुला माहीत होतं?"

"पहले दिन से. भूखी थी, आई. पलंग के पास बैठी रहती, माँगती नहीं थी. मैं ही आधा ताट उसको देती थी. मना करती तो भी देती थी." ती बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत होती. "फिर आपने मुझे निकाला, उसे भी निकाल दिया होगा. मेरा तो ससुराल था. उसका कौन था?"

मला सांगायचं होतं की मी तिला काढलं नव्हतं, तिचं सगळं केलं, मेथीची खीर केली, बाळंतपण केलं. पण शेवटी मीच मनगट धरून चालत आले होते. ते शर्वरीला मी सांगितलं नाही. ती घेत नव्हती, हिने दिलं होतं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. मी काट्यावरचे आकडे वाचत बसले आणि मला घरात चोर दिसला.

"तिला काय झालं, मुलगा की मुलगी?" शर्वरीने विचारलं. मराठीत. कित्येक वर्षांनी मी तिच्या तोंडून सबंध मराठी वाक्य ऐकलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण बाळ चांगलं आहे."

दोन्ही मुठी मिटून मी तासभर गाडीत बसले होते. घरात शिरले ती सरळ स्वयंपाकघरात गेले. कोपराने डब्याचं झाकण उडवलं आणि उजवी मूठ उघडली. शर्वरीचे दाणे तळावर पडले. डावी मूठ बराच वेळ तशीच राहिली. मैत्रेयी सव्वा महिन्याची झाली की येईन, असं शर्वरी निघताना म्हणाली होती, म्हणजे तिला घेऊन ती याच घरात, त्याच खोलीत झोपणार होती. मला भीती वाटत होती, ती अजूनही वाटते. पण पालथं घातलेलं ते ताट डोळ्यांपुढून हलेना. मग मी तीही मूठ उघडली.

संध्याकाळी नवा तांदूळ आणून त्यावर ओतला आणि कुकर लावायला घेतला. पहिली वाटी, दुसरी वाटी, तिसरी. हे दारात येऊन उभे होते.

"तिसरी कुणाची? कुणी येणार आहे का?"

"येणार कोण?" मी म्हटलं. "घरचीच आहे. तेवढं मागच्या खोलीत पाट मांडा."